दत्तोबांच्या हातचा वाफेचा पाइप

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. तुम्ही म्हणाल, पाइपाची कसली आली कहाणी? बागेला पाणी घालायचं, गाडी धुवायची आणि काम झालं की गुंडाळून कोपऱ्यात टाकायचं. पण थांबा. मी पाणी वाहत नाही. मी पेट्रोल पंपावर राहतो आणि पेट्रोलही वाहत नाही. माझ्यातून जाते ती नुसती वाफ. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, म्हणून माझ्यातून काहीच जात नाही अशी पुष्कळांची पक्की समजूत आहे. या समजुतीपायी एका बाईचा जीव जाता जाता राहिला. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि खरं सांगू का, सांगताना मला अजून भीती वाटते.

माझा जन्म भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काळं जाड रबर, त्यात कापडाचे थर आणि आतून गुंडाळत नेलेली तांब्याची तार. ही तार माझा खरा दागिना. पेट्रोल वाहताना ठिणगी पडेल इतकी वीज कुठे कुठे साठते, ती ही तार गुपचूप जमिनीत नेऊन सोडते. माझ्या दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमची तोंडं बसवली आणि प्रत्येक तोंडाला दोन दोन कान. कान खाली दाबले की 'खट्' असा आवाज होतो आणि मी घट्ट बसतो. मला तपासणाऱ्या माणसाने माझ्यात हवा भरली, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बाळा, पास झालास." आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

सात वर्षांपूर्वी मी निघोज्याच्या रस्त्यावरच्या एका पंपावर आलो. हा सगळा चाकणचा कारखान्यांचा भाग. नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, शिफ्ट सुटली की कामगारांच्या बसेस, मोटरसायकलींची झुंबड. धूळ तर विचारूच नका. पंपाच्या पोटात जमिनीखाली पेट्रोलची मोठी टाकी आहे. टाकीत पेट्रोल कमी झालं की वरची रिकामी जागा वाफेने भरते. मग टँकर येतो आणि नवं पेट्रोल टाकीत सोडतो. आता आतल्या वाफेने जायचं कुठे? कुण्या हुशार माणसाने विचार केला की तिला बाहेर कशाला सोडायची? टँकर रिकामा होतोच आहे, तर वाफ त्याच्यातच परत पाठवावी. टँकर ती डेपोत नेतो आणि तिथली यंत्रं तिला थंड करून पुन्हा पेट्रोल करतात. टाकीपासून टँकरपर्यंतची ही वाट म्हणजे मी. माझ्या शेजारचा पेट्रोलचा पाइप स्वतःला फार मोठा समजायचा, पण मी जोडलेला नसलो तर त्याचंही काम धोक्याचंच, हे त्याला कोण सांगणार?

मला सांभाळणारा माणूस होता दत्तोबा. तो पाथर्डीकडून कामासाठी इकडे आला आणि इथलाच झाला. वय पन्नाशीचं, मिशी पांढरी, आवाज हळू. टँकर खाली करणं हे त्याचं काम. आधी टँकरला जमिनीची तार जोडायची, मग मला आणि सगळ्यात शेवटी पेट्रोलचा पाइप, हा त्याचा क्रम ठरलेला. टँकरवाला मुरारी उतावळा. तो म्हणायचा, "दत्तोबा, राहू द्या की तो रिकामा पाइप. धा मिन्टं वाचत्याल." दत्तोबा मान वर न करता म्हणायचा, "रिकामा दिसतोय तुला. भरल्यालाच हाय त्यो." मग तोंडातल्या तोंडात एखाद्या भजनाची शीळ घालत माझे कान दाबायचा. काम झालं की मला कोरड्या फडक्याने पुसायचा आणि तोंडांवर टोपणं बसवून दोन खुंट्यांवर आडवा ठेवायचा. माझा कधी पीळ पडला नाही की कधी रबर चिरलं नाही. मी फार सुखात होतो हो त्या दिवसांत.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात, सकाळी अकराच्या सुमाराला, दत्तोबाने मला खांद्यावर घेतलं. चार पावलं चालला आणि खाली बसला. मग आडवा झाला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्याचा उजवा हात माझ्या तोंडावर होता आणि बोटं कानांमध्ये अडकलेली. दोघांनी मिळून ती एकेक करून सोडवली. त्याची पकड जशी जशी सुटत गेली तशी मला कळत गेली. ते अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही.

झालं. त्या दिवसापासून मी पांढऱ्या पायाचा ठरलो. 'तो पाइप हातात असतानाच गेला,' असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. पंपाचे मॅनेजर सोपानराव मनाने चांगले, पण या बाबतीत कच्चे. त्यांनी मला हात न लावता, काठीने उचलून शेडमधल्या खुंट्यांवर टाकलं. आमच्या या भागात खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची पूजा होते. त्या वर्षी पेट्रोल सोडणाऱ्या मशीनला झेंडूचा हार घातला, हवा भरायच्या मशीनला घातला, वाळूच्या बादल्यांना हळदकुंकू लावलं, अगदी केरसुणीलासुद्धा फूल वाहिलं. माझ्याजवळ आले आणि सोपानरावांनी ताट दुसऱ्या हातात घेऊन वाट बदलली. माझ्या एका तोंडावरचं टोपण पडलं होतं. आत पालीने अंडी घातली. रबर कोरडं पडलं.

आणि टँकर? तो येतच होता. मला न जोडता माल खाली करायला वेळ लागायचा, कारण आतल्या वाफेला बाहेर पडायला उंच नळी होती तेवढीच, आणि तिची जाळी रस्त्याच्या धुळीने बुजत आलेली. मग मुरारीने एक अक्कल लढवली. मी ज्या तोंडाला जोडला जायचो, त्या टाकीच्या तोंडाला आतून एक झडप आहे. मी नसलो की ती आपोआप बंद राहते. मुरारीने त्या झडपेत लाकडाची पाचर खुपसली. झडप उघडी राहिली, वाफ जमिनीजवळूनच भसाभसा बाहेर पडू लागली आणि टँकर झटपट रिकामा होऊ लागला. सोपानरावांनी कानाडोळा केला. खुंटीवरून मला सगळं दिसत होतं, पण मी बोंबलणार कसा?

मित्रांनो, पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीला धरून सरपटत जाते आणि उतार मिळेल तिकडे साचते. आमच्या पंपात असा उतार एकच होता. टाकीच्या तोंडांपासून दहा-बारा पावलांवर, कंपाउंडच्या भिंतीला लागून, लिंबाच्या झाडाखालची खोलगट जागा. टँकर खाली होऊ लागला की पाचरीच्या फटीतून शिटीसारखा बारीक आवाज निघायचा आणि थोड्या वेळाने तो कोपरा भरून जायचा. दिसायचं काहीच नाही. उन्हात जमिनीलगतची हवा जरा थरथरल्यासारखी वाटायची, इतकंच.

पहिल्यांदा एक ट्रेलरचा ड्रायव्हर आडोसा बघून तिथे गेला आणि चक्कर येऊन पडला. मग एकदा सोपानराव स्वतः पडता पडता वाचले. त्यात ती शिटी. "दत्तोबा अशीच शीळ घालायचे," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. त्या कोपऱ्यात दत्तोबा आहे, अशी बोलवा झाली. दर अमावस्येला तिथे लिंबू आणि नारळ ठेवायला लागले. अगरबत्तीला तेवढी सोपानरावांची सक्त मनाई होती, इतकं डोकं त्यांचं शाबूत होतं. मला मात्र खुंटीवर लटकल्या लटकल्या कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं. अरे बाबांनो, माझ्या भीतीने तुम्ही मला बाजूला केलं, म्हणून तर तिथे ते भूत उभं राहिलं!

आता छबूबाईचं सांगतो. ही दत्तोबाची बायको. एकुलती लेक लग्न होऊन दूर नांदायला गेलेली, घरात ही एकटी. दत्तोबा गेल्यावर पंपाच्या मालकांनी, शेठनी, तिला पंपावर झाडलोटीच्या कामाला घेतलं. बाई कष्टाळू, कमी बोलणारी. कोपऱ्याची गोष्ट तिच्या कानावर गेली तेव्हा ती घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला तशी ती केरसुणी बाजूला ठेवून सरळ तिकडे गेली आणि लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली. बाकीचे लांबून बघत राहिले. थोड्या वेळाने तिचे डोळे जड झाले, चेहरा सैल पडला, ओठ हलायला लागले. ती बोलत होती. "आज लवकर आलात," असं म्हणाली. "लेकीचा फोन आलता. बरी हाय."

त्यानंतर टँकर आला की छबूबाई कोपऱ्यात, हे ठरूनच गेलं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. परत उठताना तिला भिंत धरावी लागायची. डोकं दुखायचं, दुपारचा डबा तसाच राहायचा. वर्षभरात बाई निम्मी झाली. सगळे म्हणायचे, नवरा ओढून नेतोय हिला. मला मात्र माहीत होतं तिला काय ओढून नेतंय. जी वाफ माझ्या पोटातून जायची, ती तिच्या पोटात जात होती.

हे कळणारी आणखी एक व्यक्ती पंपावर होती. पुनम. निघोज्याचीच, शेतकऱ्याची मुलगी, मोटारींत पेट्रोल भरायच्या कामावर वर्षभरापूर्वी लागलेली. पेट्रोल कंपनीच्या साहेबांनी एकदा अर्धा दिवस शिकवणी घेतली, तेव्हा बाकीचे जांभया देत होते आणि ही एकटी प्रश्न विचारत होती. ती दोनतीनदा सोपानरावांकडे गेली. "साहेब, त्या कोपऱ्यात भूतबित काय न्हाई. पाइप जोडत न्हाई ना, त्याची वाफ हाय. मावशी मरंल एक दिवस. न्हाईतर आपन सगळेच जाऊ."

सोपानराव म्हणायचे, "पुनम, तुझं सगळं खरं. पण तो पाइप उचलणार कोण? तू उचलशील?"

पुनमने एकदा खरंच हात पुढे केला होता. माझ्यापासून वीतभर अंतरावर तिची बोटं थांबली आणि मागे गेली. शिकलेली असली तरी शेवटी पोरच ती. तिच्यावर मी रागावलो नाही. छे, खोटं कशाला बोलू? फार रागावलो.

तर आता तो दिवस. सर्वपित्री अमावस्या. ज्यांना आपल्या माणसाची तिथी साधता येत नाही, तेसुद्धा या दिवशी पान वाढतात आणि कावळ्याची वाट बघतात. छबूबाईने पहाटे उठून वडे, खीर, आमटी-भात असं सगळं केलं. ती राहते तिथे पत्र्याच्या खोल्या खेटून खेटून बांधलेल्या, कावळा उतरायला जागा नाही. म्हणून तिने सोपानरावांना विचारलं, "सायेब, ते जिथं हायत तिथंच पान ठिवू का?" सोपानरावांना नाही म्हणवेना. टँकर सकाळी आठलाच खाली होऊन जायचा होता. त्यामुळे दुपारी बारापर्यंत कोपरा मोकळा राहील, असा त्यांचा हिशेब.

पण तळेगाव चौकात कोंडी झाली आणि मुरारीचा टँकर आठच्या ऐवजी साडेबाराला आत शिरला. तेव्हा छबूबाई नुकतीच केळीचं पान मांडून, हात जोडून बसली होती. लिंबावर दोन कावळे येऊन टपले होते. टँकरच्या धडधडीने ते उडाले आणि पलीकडच्या कारखान्याच्या भिंतीवर जाऊन बसले. मुरारीला घाई. श्राद्धाचा दिवस, घरी जेवायला माणसं यायची होती. त्याने पाचर खुपसली, पेट्रोलचा पाइप जोडला आणि व्हॉल्व्ह उघडला. सोपानराव टँकरच्या पलीकडच्या बाजूला कागद बघत उभे राहिले, पानाचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. फटीतून शिटी सुरू झाली.

वाफ निघाली. खुंटीवरून मला तिची वाट पाठ होती. आधी टाकीच्या झाकणांवरून, मग फरशीच्या फटीवरून, मग उतारावरून खाली. पानावरच्या खिरीपर्यंत ती पोचली असेल तेव्हा छबूबाईची मान जराशी कलली. "आलात व्हय," ती म्हणाली. "मग शिवा की. कावळं का लांब गेलं?"

कावळे येईनात. कसे येतील? त्यांची नाकं माणसांहून शहाणी. छबूबाई मग, रीत असते तशी, एकेक इच्छा विचारायला लागली. "लेकीला दिवाळीला आणते. खरंच आणते. मग तर शिवाल?" कावळा हलेना. "तुमची सायकल इकली म्हणून रागावलात व्हय? भाडं थकल्यालं, काय करू?" कावळा हलेना. तिचा आवाज जड होत चालला होता, शब्द एकमेकांत अडकत होते. "माझं काय चुकलं असंल तर…" असं म्हणून ती रडली. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं तिला. "अगं बया! दिवा राह्यला."

तिने पिशवीतून कणकेचा दिवा काढला. वात त्यात आधीच तेलात भिजवून ठेवलेली. पंपावर काडेपेटी आणायची नाही, हे तिला ठाऊक होतं. पण दिव्याविना पान कसं मांडायचं? तिने कनवटीला काडेपेटी खोचून आणली होती. ती तिने काढली. काडी घेतली.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय भोगलं ते कोणत्या शब्दांत सांगू? कोपरा गुडघाभर वाफेने भरलेला. त्या वाफेची एक अखंड वाट कोपऱ्यापासून टाकीच्या उघड्या तोंडापर्यंत. टाकीत हजारो लिटर पेट्रोल, वर टँकर, पलीकडे रांगेत उभी माणसं. आणि मी, ज्याचं हे काम, तो भिंतीवर टांगलेला. दत्तोबा, मी मनात ओरडलो, काहीतरी कर रे!

पुनम एका मोटरसायकलीत पेट्रोल भरत होती. तिने सहज मान वळवली आणि तिला काडेपेटी दिसली. "मावशी, काडी नको!" ती किंचाळली. छबूबाईला ऐकूच गेलं नाही. बाई शुद्धीत होती कुठे? तिने काडी पेटीच्या कडेला टेकवली. तिला कोणाचंच ऐकायचं नव्हतं, फक्त त्या एका माणसाचं सोडून. पुनमच्या डोक्यात काय लख्ख पडलं कोण जाणे, ती पळता पळता ओरडली, "मावशी! काका दिवा न्हाई मागत! पाइप मागत्यात! त्यांचा पाइप!"

हात थांबला. छबूबाईने हळूच मान वर केली. "पाइप?"

एवढ्यात पुनम पोचली. तिने पेटी हिसकावली, बाईला काखेत हात घालून उठवलं आणि ओढत ओढत रस्त्याकडच्या उंच बाजूला नेलं. "मुरारीभाऊ, व्हॉल्व्ह बंद करा! भरणं थांबवा रे सगळे! कुणी गाडी चालू करू नका!" मुरारीने काय झालं ते न विचारताच व्हॉल्व्ह बंद केला. सोपानराव टँकरला वळसा घालून आले आणि पुनमच्या मुठीतली काडेपेटी बघून मटकन खाली बसले.

"पाइप उतरवा," पुनम म्हणाली. तिला धाप लागली होती. कुणी जागचं हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मी अजून तोच, माणूस मारणारा.

मग कट्ट्यावर बसलेली छबूबाई बोलली. डोकं दोन्ही हातांत धरलेलं, पण आवाज स्वच्छ होता. "आणा की त्यो. त्यांनी मागितलाय. का आता मीच उठू?"

सोपानराव उठले. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले, माफ कर म्हणाले आणि मला खांद्यावर घेतलं. दोन वर्षांनी माणसाचा खांदा लागला हो मला. त्यांचा हात भीतीने सैल होता, नुसता टेकवलेला. तरी माझ्या एका तोंडाला कुणीतरी घट्ट धरलंय, बोटं कानांत घालून धरलंय, असं मला टाकीपर्यंत सारखं वाटत होतं. मी कुणाला हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

पुनमने माझं तोंड आतून पुसलं, पालीच्या अंड्यांची टरफलं काढली, तोंडातली कोरडी रबरी चकती बदलून नवी बसवली. मुरारीने पाचर उपसून खिशात घातली. 'खट्' आवाज झाला, दोन्हीकडे. मग सगळे अर्धा तास नुसते उभे राहिले, वारा कोपरा धुऊन काढीपर्यंत. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडला. माझ्या अंगातून वाफ धावू लागली. शिटी वाजली नाही. दहाएक मिनिटं झाली असतील, पलीकडच्या भिंतीवरचा एक कावळा उडाला, लिंबावर न थांबता थेट पानापाशी उतरला आणि वडा उचलून गेला.

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. मुरारी तर लहान पोरासारखा रडला. कावळा हवा स्वच्छ झाली म्हणून आला की दत्तोबाची इच्छा पुरी झाली म्हणून आला, हे मला विचारू नका. मी वाफेचा पाइप आहे, मला वाफेपुरतंच कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनम छबूबाईजवळ जाऊन बसली. शेडच्या सावलीत दोघींचे डबे उघडे होते, पण पुनम नुसता भात चिवडत होती. शेवटी ती म्हणाली, "मावशी, काल मी खोटं बोलले. काका काय मागत नव्हते. तिथं काकाच नव्हते. ती पेट्रोलची वाफ हाय. तिनं गरगरतं, म्हणून ते दिसतात तुम्हाला."

छबूबाईने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "मला काय वास कळत न्हाई व्हय, पोरी?"

पुनमने डबा खाली ठेवला.

"बावीस वर्सं त्यांच्या सदऱ्याला ह्योच वास हुता. किती बी धू, जायाचा न्हाई. म्या भांडायची. ते गेल्यावर सदरं पेटीत ठिवलं, तर सा म्हैन्यात वास उडून गेला. कापूस निस्ता. त्या कोपऱ्यात त्यो ताजा मिळायचा. येवढंच. ते दिसायचं बी कधी. पर म्या जायची ती वासाला."

पुनमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं होतं ती एका अडाणी बाईला समजावतेय.

चार दिवसांनी टँकर आला. पुनमनेच मला खुंटीवरून घेतलं, टाकीपाशी आणलं, आणि तिथे तिचा हात अडला. छबूबाई केरसुणी घेऊन समोर उभी होती. आता माझे कान दाबले की कोपऱ्यात काही म्हणजे काही उरणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. आणि मलाही. इतकी वर्षं मी कामाला आसुसलेला, पण त्या क्षणी मला वाटलं, नको, आजचा दिवस नको.

"मावशी," पुनम म्हणाली, "तुम्ही जरा आत जाता का? मग जोडते."

"आत कशाला?" छबूबाई म्हणाली. "जोड बाई. म्या एकटी हाय, माझं काय बी झालं असतं तर चाललं असतं. तुमी समदी हायसा हितं." आणि केरसुणी ठेवून ती खाली वाकली. दुसरं टोक तिने स्वतः उचललं.

तेव्हापासून माझं एक टोक पुनमकडे आणि एक छबूबाईकडे असतं. तिला आता भूक लागते, भिंत न धरता चालते, गालांवर थोडं मांस आलंय. लिंबाखाली ती झाडायला जाते तेवढीच, बसत नाही. परवा काम संपल्यावर तिने मला पुसलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि माझं उघडं तोंड पटकन नाकाशी नेलं. एकच श्वास. मग टोपण घट्ट बसवलं आणि कामाला गेली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. ज्यांच्यातून काही जाताना दिसत नाही अशी आमच्यासारखी साधनं तुमच्या आसपास पुष्कळ असतील. त्यांना भिऊ नका आणि त्यांच्याकडे कानाडोळाही करू नका. आम्हाला पुसा, आमचं झिजलेलं रबर बदला, आणि कितीही घाई असली तरी प्रत्येक वेळी जोडा. तुम्हाला कधी कंटाळा आलाच तर निघोज्याच्या छबूबाईला आठवा. मी जोडलेला असलो की तिला तिचा माणूस भेटत नाही. हे तिला ठाऊक आहे, तरी टँकर आला की सगळ्यांच्या आधी येऊन तीच मला जोडते.